रकाना मोठा केलाय, विजया

विजया,

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले, आणि या अठरा दिवसांत 'कसे आहात?' असं विचारणाऱ्या एकाही माणसाला मी खरं उत्तर दिलेलं नाही. 'बरंय' म्हणतो. हो, तोच शब्द. ज्या शब्दावर तू आपल्या घरात बंदी घातली होतीस आणि ज्याच्यापायी माझ्या मावसभावाला पोह्यांची बशी हातात असताना फैलावर घेतलं होतंस. 'बरंय हे उत्तर नाही, भाऊजी. बरंय ही पळवाट आहे. शून्य ते दहा, किती दुखतंय ते सांगा.' बिचारा दाढ दुखतेय एवढंच बोलला होता. त्यानंतर तो आपल्याकडे आला तो एकदम तुझ्या तेराव्याला.

वर्तमानपत्रात तुझ्याबद्दल चार ओळी आल्या. ज्येष्ठ वेदना-संशोधक, अमुक वर्षं अध्यापन, तमुक मानपत्रं. सगळं बरोबर होतं, फक्त तू त्यात कुठे नव्हतीस. खालच्या मजल्यावरच्या बापटांनी कात्रण आणून दिलं आणि म्हणाले, 'वहिनी एवढ्या मोठ्या होत्या, आम्हाला कल्पनाच नव्हती.' मी म्हटलं, 'मलाही नव्हती. मला त्या फक्त बर्फाचा ट्रे रिकामा करून तसाच आत का ठेवलात, एवढंच विचारायच्या.' बापट हसले नाहीत. दुखवट्याच्या घरात हसावं की नाही, याचा त्यांना अंदाज येत नव्हता. तू असतीस तर मोठ्यांदा हसली असतीस आणि मग त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली असतीस, आणि बापट लिफ्टची वाट न बघता जिन्यानं पळाले असते.

तुझ्याशी बोलायचं तर भांडणापासूनच सुरुवात करायला हवी. पण त्याआधी बर्फ.

आणीबाणी नुकतीच उठली होती. लोक पुन्हा मोकळेपणी बोलायला लागले होते, आणि नेमकी त्या उन्हाळ्यात तू कसबा पेठेत आलीस, तुम्हाला किती दुखतं असं विचारत. तांबट आळीतल्या एका ओट्यावर तुझी पत्र्याची बादली, तिच्यात रसवंतीवाल्याकडून आणलेला बर्फ, बर्फाला चिकटलेला लाकडाचा भुसा, आणि हातात स्टॉपवॉच. चहूकडून हातोड्यांची ठकठक. तांब्याच्या पातेल्यावर जन्मभर ठोके घालणाऱ्या माणसाच्या हाताला दुखणं कमी कळतं का, हे तुला बघायचं होतं. आणि तुलनेसाठी तुला असे हात हवे होते ज्यांनी आयुष्यात काहीही केलेलं नाही. लोकांनी एकमतानं मला पुढे केलं. मी पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन. दिवसभर धरणांचे नकाशे काढायचे. राहायला शेजारच्याच गल्लीत.

रीत साधी होती. हात मनगटापर्यंत बर्फाच्या पाण्यात घालायचा, असह्य झालं की काढायचा, आणि मग शून्य ते दहा आकडा सांगायचा. पाच मिनिटांच्या पुढे तू कुणालाच ठेवू देणार नव्हतीस. दत्तोबा तांबट म्हणजे आळीतला सगळ्यात दणकट माणूस. त्यांनी हात घातला, मिनिटभराच्या आतच काढला आणि म्हणाले, 'बाई, ह्या हातावर सहा जणांचं पोट आहे. तो मी तुमच्या बर्फात गोठवायला ठेवू होय?' आकडा विचारलास. 'नऊ. आणि पुन्हा सांगितलंत तरी घालणार नाही.' पंच्याला हात पुसून पातेल्यापुढे जाऊन बसले. बाकीचे तांबटही त्यांचेच भाऊबंद. दुखलं की दुखलं म्हणायचे, वर तुलाच दोन शब्द सुनावायचे.

मग सतरा नंबर म्हणून मी बसलो. टेरिकॉटची पँट, ताजा भांग, आणि समोर तू. अर्ध्या मिनिटात मला माझे सगळे पूर्वज ओळीनं दिसायला लागले. पण स्टॉपवॉच धरलेली मुलगी माझ्याकडे बघत होती. अशा वेळी हात काढायचा? छे! पाचच्या पाच मिनिटं बसलो. तू विचारलंस, 'किती?' मी म्हटलं, 'दोन.' वर हसलोसुद्धा. घरी जाऊन हात काखेत धरून तासभर बसलो होतो. आई विचारत होती, काय रे, या वयात कुणी पट्ट्या मारल्या?

चार दिवसांनी निरोप आला की सतरा नंबरला परत बोलावलंय. मला वाटलं, आपण शास्त्राला चक्रावून टाकलंय. परत गेलो, परत दोन. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा बर्फ संपला होता, म्हणून तू त्याच रसवंतीतून उसाचा रस मागवलास. पुढे लग्न झालं. ते त्या रसामुळे झालं की त्या दोनमुळे, हे मी तुला कधी विचारलं नाही. कारण विचारायचं तर दोनची गोष्ट काढावी लागली असती. आणि माझ्या बायकोच्या आयुष्यातल्या पहिल्या संशोधनात मी घाण करून ठेवलीय, माझा खोटा दोन तिच्या तक्त्यात बसून सगळं वाकडं करतोय, हे कुठल्या तोंडानं सांगणार? तुझा सत्कार झाला त्या दिवशी सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी पहिल्या रांगेत घाम पुसत होतो. तू घरी आल्यावर विचारलंस, 'शाल मला दिली, तुम्हाला का एवढं उकडत होतं?' मी म्हटलं, हॉलमध्ये पंखे नव्हते.

चाळीस-बेचाळीस वर्षं मी ते पोटात ठेवलं. त्या मानानं पाच मिनिटं हात ठेवणं सोपं होतं.

कर्वेनगरला राहायला आलो तेव्हा सोसायटीत बातमी पसरली की वर दुखण्याची डॉक्टर आलीय. लोक कंबर, मान, टाच घेऊन जिने चढायला लागले. तू सगळ्यांना बसवून तासभर प्रश्न विचारायचीस आणि शेवटी सांगायचीस, 'मी दुखण्याचा अभ्यास करते. औषध तुमचे डॉक्टर देतील.' बापटांनी तेव्हा विचारलं होतं, 'मग तुमचा उपयोग काय?' हा प्रश्न पुण्यात तोंडावर विचारतात याचं तुला कोण कौतुक! त्या रात्री जेवताना तू तीनदा म्हणालीस, 'बरोबर विचारलं हो त्यांनी.' आणि पुढच्या वर्षी तू कॉलेजातल्या प्रयोगशाळेतून उठून वॉर्डात जाऊन उभी राहिलीस ती राहिलीसच.

पण तुझी खरी गुरू आमची आई. मुलींच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलेली बाई. दहापैकी सहाच्या वर मार्क तिनं कुणाला दिले नाहीत, माझ्या बहिणीला पाच दिले होते. ती न्हाणीघरात पडली, मांडीचं हाड मोडलं. चेहरा पांढराफटक. तू जवळ बसून विचारलंस, 'आई, दहापैकी किती?'

'सहा.'

'आई, हाड मोडलंय तुमचं!'

'हाडं सगळ्यांचीच मोडतात, सूनबाई. दहा मिळायला त्यात काहीतरी वेगळं लागतं.'

इस्पितळातल्या डॉक्टरांनी सहा ऐकून एक साधी गोळी दिली. आई रात्रभर ओठ चावत पडून राहिली. सकाळी तू तिला विचारलंस की आकडा राहू दे, दुखतं कसं ते एका शब्दात सांगा. त्यावर मात्र आई खुलली. मराठीचाच पेपर आला ना! 'ठणका नाही हा. ठणका एका जागी बसतो. चमकही नाही. ही सणक आहे, हलले की मांडीतून टाळूपर्यंत जाते.' तू तशीच उठून डॉक्टरांना गाठलंस आणि त्यांची अशी काही हजेरी घेतलीस की दुपारपर्यंत आईला नीट औषध मिळालं. घरी आल्यावर मला म्हणालीस, 'अहो, नुसता आकडा उपयोगाचा नाही. आकडा देणारा कोण आहे ते कळायला शब्द लागणार.'

इथून आपल्या घराची वाट लागली. पोस्टकार्डाएवढं कार्ड तू ठरवलंस आणि ते आखायचं काम माझ्या गळ्यात मारलंस. वर आकडा. मध्ये माणसाची आकृती, पुढून आणि मागून, दुखेल तिथे फुली मारायला. खाली एक रकाना, त्यात शब्द. माझा हात धरणाच्या भिंतीला सरावलेला, त्यामुळे माझा माणूस खांद्याला अरुंद आणि कमरेखाली रुंद रुंद होत गेला. वॉर्डातले पेशंट विचारायचे, 'हे कोण हो?' तू सांगायचीस, 'आमचे हे.' अनोळखी माणसं मग मला खालून वर बघायची.

आणि शब्द! ठसठस, भगभग, चुरचुर, कणकण, उसण, मुरडा, कळ. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत अक्षरांप्रमाणे लावलेली कार्डं. एक डबा फराळाचा समजून मी दिवाळीत पाहुण्यांपुढे ठेवला होता. लग्नात गेलो की तू वधूच्या आजीजवळ जाऊन बसायचीस आणि मंगलाष्टकं चालू असताना तिच्याकडून पोटदुखीचे चार नवे शब्द काढून आणायचीस. अक्षता टाकायच्या राहायच्या, पण शब्द मिळाला की तुझा चेहरा असा व्हायचा की लोकांना वाटायचं मुलीकडची जवळची नातेवाईक असावी.

वॉर्डात मात्र तुझी जीभ जास्तच चालायची, आणि तिथेच ती सगळ्यात जास्त कामाला आली. एक गृहस्थ म्हणाले, 'देव माझी परीक्षा घेतोय, बाई.' तू म्हणालीस, 'घेतोय ना? मग मार्क सांगा.' ते हसले आणि हसता हसता रडले आणि म्हणाले, 'दहा.' दुसऱ्या एकाच्या मुलानं सांगितलं, मॉर्फिन नको, बाबांना सवय लागेल. तू त्याला विचारलंस, 'ब्याऐंशीव्या वर्षी, या अवस्थेत, सवय लागून ते कुठे पळून जाणार आहेत?' तुझा आवाज चढला होता. मी डबा द्यायला आलो होतो, दारात उभा होतो. माणूस बरा होणार नसला तरी त्याचं दुखणं थांबवता येतं, आणि ते न थांबवणं हा अपराध आहे, असं तू त्या मुलाला हात धरून सांगितलंस. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की तू बर्फ कशासाठी जमवत होतीस. डबा ठेवला आणि म्हटलं, पोळ्या गार झाल्यात. हे आता सांगतोय, विजया, तेव्हा सांगायला हवं होतं. मला तुझा फार अभिमान वाटला होता.

आता भांडण. सोनाबाईंचं.

एका रविवारी आपण स्कूटरवरून लोणी काळभोरला गेलो होतो. शाळेच्या व्हरांड्यात तू, मी आणि कार्डांचा डबा. उसातली खुरपणी करून कमरा मोडलेल्या बायका एकेक करून येत होत्या. तू विचारायचीस, मी लिहायचो. सोनाबाई सत्तरीच्या, कमरेत वाकलेल्या. खाली बसताना त्यांनी एवढा वेळ घेतला की मीच उठून उभा राहिलो.

'आजी, दहातलं किती दुखतं?'

'आठ लिव्ह.'

'कसं दुखतं? ठणकतं, चमकतं, आग होते?'

'दुकत न्हाई, बाई.'

'दुखत नाही?'

'न्हाई. नुसतं हाय. घरात बसलंय.'

तू माझ्याकडे बघून म्हणालीस, 'लिहा.' मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, 'काय लिहू? रकाना एका शब्दाचा आहे. मीच आखलाय.'

'मग मोठा करा.'

'आज मोठा केला तर उद्या लोक निबंध लिहितील.'

'लिहू देत.'

'आणि दुखत नाही, तर आठ कसे? कमरेत दुखतंय की घरात? दुखणं म्हणजे काय जावई आहे, घरात येऊन बसायला?'

सोनाबाई आळीपाळीनं आपल्या दोघांकडे बघत होत्या. मग तुला म्हणाल्या, 'मालक हायेत जनू.' तू माझ्या हातातलं पेन घेतलंस आणि तुझ्या त्या भयंकर अक्षरात रकान्याच्या बाहेर, कडेनं वर वर चढवत ते सगळं लिहिलंस. 'तुम्हाला नाही कळणार,' एवढंच म्हणालीस. स्कूटरवरून परत निघालो. हडपसरला तू मागून म्हणालीस, 'तुमच्या आईला कळलं असतं.' हे लागलं मला.

पुढे तुझ्या शब्दांची यादी पक्की करायला तज्ज्ञ बसले. त्यांनी सोनाबाईंचं कार्ड काढून टाकलं. का, तर हे वाक्य आहे, शब्द नव्हे, आणि आकड्याशी विसंगत. तू घरी येऊन पर्स माझ्या अंगावर फेकलीस. 'सगळी तुमचीच माणसं भरली होती तिथे!' तेव्हापासून घराची साफसफाई निघाली की ते कार्ड वर यायचं आणि तू म्हणायचीस, चांगल्या अक्षरात लिहून द्या, रकाना मोठा करून. आणि मी म्हणायचो, विचार करू. सरकारी नोकरीत तीस वर्षं काढल्यावर विचार करू म्हणजे काय, ते तुला ठाऊक होतं.

या हिवाळ्यात तुझ्या स्वादुपिंडात गाठ निघाली. तू रिपोर्ट वाचलास, चष्मा काढलास आणि म्हणालीस, 'हे दुखणार हं.' पाहुणे येणार असल्याचं सांगावं तसं.

तुझी विद्यार्थिनी मानसी, जी आता स्वतः वेदनेवरच्या उपचारांचा विभाग चालवते, रोज सकाळी दहाला यायची. तिनं पहिल्या दिवशीच तुझंच कार्ड आणून फ्रिजला चिकटवलं. त्यावर मीच काढलेला तो ढोबळ माणूस. आकडा विचारायचं आणि लिहायचं काम माझं. पहिल्या दिवशी तू पाच सांगितलंस. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी दोन. सात दिवस दोन.

विजया, दोन हा आकडा मी ओळखतो. तो माझा आहे.

तू चादरीचं टोक पिळून त्याची दोरी करत होतीस. जेवण बंद. पण ते राहू दे. सगळ्यात वाईट म्हणजे तू भांडायची थांबलीस. मी मुद्दाम चहात चार चमचे साखर घातली, तू निमूट प्यायलीस. मी मुद्दाम म्हटलं, सोनाबाईंचं कार्ड रद्दीत घालतोय, तू म्हणालीस, 'बरं.' मानसीला जिन्यात गाठून सांगितलं की हे दोन नाहीत. ती म्हणाली, 'मलाही दिसतंय, काका. मी रोज त्यांना म्हणते डोस वाढवू या, त्या नको म्हणतात. त्या नको म्हणत असताना मी कसं देऊ? खरा आकडा त्यांच्या तोंडून यायला हवा. तो तुम्हीच काढू शकता.' तिचेही डोळे भरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या खाटेवर ऊन आलं होतं. खाली बापटांच्या कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मी कार्ड घेऊन बसलो आणि विचारलं, 'किती?'

'दोन.'

'खोटं.'

तू डोळे मिटूनच घेतलेस. मग मी म्हटलं, 'मला एक सांगायचंय. कसब्यात मी जे दोन सांगितले, ते खोटं होतं. नऊ होते. साडेनऊ. दुसऱ्यांदाही खोटं. तुझा सगळा अभ्यास मी नासवला. तू समोर होतीस म्हणून हात काढला नाही. आता जे काय बोलायचं ते बोल.'

तू डोळे उघडलेस. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे नीट बघितलंस.

'माहीत आहे.'

'काय माहीत आहे?'

'दोन म्हणणाऱ्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी गळत नाही. तुम्ही हसत होतात आणि शर्टावर थेंब पडत होते. त्याच दिवशी गाळलं मी तुम्हाला. अभ्यासात सतरा नंबरच नाही. सोळानंतर एकदम अठरा.'

बेचाळीस वर्षं! बेचाळीस वर्षं मी त्या अपराधाचं ओझं वाहत होतो आणि मी तक्त्यात नव्हतोच!

'मग परत कशाला बोलावलंस?'

'एवढं खोटं का बोलताय ते बघायला.'

'कळलं?'

'तिसऱ्यांदा कळलं. म्हणून रस मागवला.' तुला धाप लागली, थांबलीस, मग म्हणालीस, 'बर्फ संपला नव्हता.'

मी काय करणार होतो? रडलो. या वेळी नळ सोडायला उठलो नाही, तिथेच बसून रडलो. तू म्हणालीस, 'हे बरं. पहिल्या दिवशी पाच सांगितलं तर स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडत होतात. मला ऐकू येत नाही होय? म्हटलं, पाचला हे हाल, तर पुढचं कसं सोसणार हा माणूस.'

'माझं सोसायचं मी बघतो. तुझा आकडा सांग. खरा.'

तू पंख्याकडे बघत राहिलीस. मग अगदी लहान आवाजात म्हणालीस, 'आठ.' आणि तुझा हात माझ्या हातात आला. मी दुसऱ्या हातानं आठ लिहिला. तू म्हणालीस, 'नीट काढा. ड्राफ्ट्समन होतात ना?'

'आणि शब्द?'

'शब्द नंतर. आधी औषध.'

मानसीनं त्या सकाळी डोस वाढवला. तू दुपारभर शांत झोपलीस. दुसऱ्या दिवशी उठून चहाचा घोट घेतलास आणि तोंड वाकडं केलंस. 'ही एवढी साखर कुणी ओतलीय?' अगं, मला नाचावंसं वाटलं! मऊ भात खाल्लास. बापटांना वर बोलावून त्यांच्या गुडघ्याला दहापैकी किती ते विचारलंस. बारा दिवस मिळाले आपल्याला. बारा दिवस आपण मनसोक्त भांडलो, आणि त्यातले निम्मे सोनाबाईंवरून. रकाना मोठा करा, म्हणालीस. मी म्हटलं, विचार करू. तू हसलीस. मला वाटलं, अजून वेळ आहे.

शेवटच्या सकाळी तू 'एक' म्हणालीस, आणि ते खरं होतं. कपाळावर एक आठी नव्हती. दुपारी जेवणानंतर गेलीस. जन्मभर तू लोकांसाठी जे मागत होतीस, ते तुला मिळालं. त्याबद्दल मी तुझाच आभारी आहे, कारण मानसीला तूच घडवलंस. पण त्या आधीच्या सात दिवसांचा राग मात्र अजून गेलेला नाही. माझ्यासाठी तू सात दिवस विनाकारण सोसलंस. तू समोर असतीस तर यावर कडाडून भांडलो असतो.

काल सकाळी दहाला मानसी आली. का आलीस विचारलं तर म्हणाली, सवयीनं पाय वळले. बापटही बसलेले होते. तिनं विचारलं, 'काका, किती?'

'बरंय.'

'काका.'

'दोन.'

तिनं पेनाचं टोपण काढलं आणि वाट बघत बसली. ही तुझीच खोड. बापट पंख्याकडे बघायला लागले. शेवटी मी म्हटलं, 'आठ.' तिनं लिहिलं. 'शब्द?' मी म्हटलं, 'उद्या सांगतो.'

रात्री झोप लागली. म्हणजे दुखत नव्हतं. आज सकाळी दोन कप चहा केला, एक ओतून टाकला, तेव्हाही दुखलं असं नाही. बर्फाचा ट्रे रिकामा करून तसाच आत ठेवला आणि कुणी काही बोललं नाही. मी खुर्चीत बसलो, तर ते समोरच्या खुर्चीत होतं. स्वयंपाकघरात गेलो, तर तिथे होतं. उठायचं नाव नाही. जेवायला वाढा असंही म्हणत नाही.

तेव्हा मी डबे खाली काढले. सोनाबाईंचं कार्ड सापडलं. जुना ड्रॉइंग बोर्ड पुसला, पट्टी घेतली, पेन्सिलीला टोक केलं आणि नवीन कार्डं आखली. रकाना मोठा केलाय, विजया. या कडेपासून त्या कडेपर्यंत. पहिल्या कार्डावर सोनाबाईंचं नाव घालून त्यांचं म्हणणं माझ्या चांगल्या अक्षरात उतरवलं. दुसरं कार्ड माझं. आकडा आठ. आकृतीवर फुली कुठे मारायची ते कळेना, म्हणून आकृतीच्या बाहेर, शेजारी मारली. खाली लिहिलं, दुकत न्हाई, नुसतं हाय, घरात बसलंय. तज्ज्ञ म्हणतील, विसंगत आहे. त्यांना घरी बोलावतो.

तिसरं कार्ड तुझं. त्या सकाळचा आठ त्याच्यावर उतरवलाय, नीट काढलाय, बघ. खालचा रकाना मोकळा ठेवलाय. तू म्हणाली होतीस, शब्द नंतर. मी माझा सांगितला. तुझा राहिलाय.